रोबोट पुढे काय करणार, ते आधी दिसलं पाहिजे

बेळगावच्या काकती, होनगा, उद्यमबाग, मच्छे, नावगे या पट्ट्यात लोखंड ओतणाऱ्या, घासणाऱ्या, मशिनवर जॉब चढवणाऱ्या सगळ्यांसाठी हे लिहितो आहे. मालकांसाठीही आहे आणि आयटीआयला, इंजिनिअरिंगला मुलं पाठवणाऱ्या घरांसाठीही. सांगणं एकच आहे. आपल्या कारखान्यात रोबोट आणायचा असेल, तर तो पुढच्या क्षणी कुठे हलणार हे शेजारी उभ्या असलेल्या माणसाला आधी दिसेल, अशी सोय करूनच आणा.

ही सोय आज होऊ शकते. तिला मिक्स्ड रिॲलिटी किंवा मिश्र वास्तव म्हणतात. नाव भारदस्त आहे, पण तिचा उपयोग फिटरला, वेल्डरला आणि फेटलिंगवरच्या, म्हणजे कास्टिंग घासून साफ करणाऱ्या माणसाला सगळ्यांत जास्त आहे. म्हणूनच ती समजून घ्यायला हवी.

आधी रोबोटबद्दल. फौंड्रीत रोबोट नकोच, असं माझं म्हणणं नाही. फेटलिंगच्या शेडमध्ये आठ तास ग्राइंडर धरणाऱ्या माणसाच्या हातांना काय होतं, ते आपल्याकडे घरोघरी माहीत आहे. वाळूच्या बारीक धुळीने होणारा सिलिकोसिस एकदा फुप्फुसात बसला की बरा होत नाही. तापलेलं कास्टिंग उचलणं, डायमधून काढणं, दिवसभर त्याच वजनाचा जॉब चकमध्ये लावणं, ही कामं यंत्राने केली तर माणसाचं शरीर वाचतं. जगातला पहिला औद्योगिक रोबोट १९६१ साली अमेरिकेत न्यू जर्सीच्या जनरल मोटर्सच्या कारखान्यात लागला, तोही डायकास्टिंगमधले गरम भाग बाहेर काढायला. म्हणजे रोबोटची सुरुवातच आपल्या धंद्यातल्या कामाने झाली.

पण रोबोटजवळ काम करण्यात एक अडचण आहे, ती लेथजवळ किंवा प्रेसजवळ नसते. लेथचा चक थांबला की तो काय करू शकतो, हे डोळ्यांना कळतं. प्रेस खाली येणार, एवढंच तिला येतं. रोबोटचा हात मात्र पाच-सहा ठिकाणी वळतो. तो खालून येईल की बाजूने, हे नुसतं बघून सांगता येत नाही. आणि तो थांबलेला असतो, तेव्हा बहुतेक वेळा बंद नसतो. कुठल्या तरी सेन्सरच्या, कन्व्हेयरच्या किंवा सीएनसीच्या दारापासून येणाऱ्या सिग्नलची वाट बघत असतो. तो सिग्नल आला की क्षणात पूर्ण वेगाने निघतो. थांबलेला रोबोट बंद आहे असं समजणं, ही त्याच्याजवळच्या माणसाची सगळ्यांत महागात पडणारी चूक आहे.

२५ जानेवारी १९७९ रोजी अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या फ्लॅट रॉक इथे, फोर्डच्या कास्टिंगच्या कारखान्यात अशाच न कळलेल्या हालचालीने जीव घेतला. सुटे भाग रॅकमधून काढणारी यंत्रणा नीट आकडे दाखवत नव्हती, म्हणून एक कामगार भाग काढायला स्वतः रॅकवर चढला. यंत्राचा हात मागून आला आणि कामगार जागीच गेला. यंत्र काम करत राहिलं. साथीदारांना तो सापडेपर्यंत अर्धा तास गेला. घरच्यांनी दावा लावला. हात हलतो आहे हे सांगणारा इशारा नव्हता, हा त्यातला मुख्य मुद्दा होता. १९८३ साली ज्यूरीने यंत्र बनवणाऱ्या कंपनीला एक कोटी डॉलर भरपाई द्यायला सांगितलं. आपल्या देशातही ऑगस्ट २०१५ मध्ये हरियाणातल्या मानेसरला वेल्डिंग रोबोटजवळ पत्रा सरळ करायला गेलेल्या एका तरुण कामगाराचा जीव गेला.

आपल्या गावावरून पुणे-बेंगळूरू हमरस्ता जातो. ट्रकवाल्याने इंडिकेटर दिला, तर मागचा मोटारसायकलवाला वेळेत सावरतो. इंडिकेटरशिवाय ट्रक वळला तर काय होतं, ते या रस्त्याने पुष्कळ वेळा पाहिलं आहे. रोबोटला असा इंडिकेटर नसतो. कोपऱ्यावर लाल-पिवळा-हिरवा दिवा असतो, पण तो चालू की बंद एवढंच सांगतो. कुठे वळणार, किती लांब येणार, हे सांगत नाही.

मिश्र वास्तव नेमकं हेच दाखवतं. कामगार पारदर्शक चष्मा घालतो किंवा टॅब समोर धरतो. त्याला समोरचा खरा रोबोट, खरं टेबल, खरा जॉब तसाच दिसतो. त्यावर संगणक आणखी काही रेखाटतो: हात पुढे ज्या वाटेने जाणार ती रेघ, हाताची विरळ प्रतिकृती, आणि जमिनीवर तो पोहोचू शकेल तेवढ्या भागाचा पट्टा. रोबोटच्या कंट्रोलरमध्ये पुढची हालचाल आधीच ठरलेली असते. आजवर ती पेंडंटच्या, म्हणजे रोबोट चालवायच्या हातातल्या पॅनेलच्या, आकड्यांत अडकून राहायची. ती तिथून काढून माणसाच्या डोळ्यांसमोर, खऱ्या जागेवर आणायची, एवढंच हे काम.

याचा फायदा मोजूनही पाहिलेला आहे. अमेरिकेच्या ब्राऊन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१७ साली ३२ जणांना एक साधं काम दिलं. टेबलावर ठोकळे मांडलेले, समोर रोबोटचा हात. हा हात ठरलेल्या वाटेने गेला तर ठोकळ्यांना धडकेल की नाही, एवढंच सांगायचं. मिश्र वास्तवाचा चष्मा घातल्यावर, त्याखालोखाल बऱ्या ठरलेल्या पद्धतीपेक्षा उत्तरं १६ टक्क्यांनी अधिक बरोबर आली आणि वेळ ६२ टक्क्यांनी कमी लागला. पुढच्याच वर्षी कोलोराडो विद्यापीठातल्या संशोधकांनी, उडत्या रोबोटची पुढची वाट चष्म्यातून दाखवली तर त्याच जागेत काम करणाऱ्या माणसाला आपलं काम नीट आखता येतं, हे दाखवलं.

विचार तसा जुना आहे. १९९२ साली अमेरिकेच्या हवाई दलाच्या प्रयोगशाळेत लुई रोझेनबर्ग यांनी, दूरचा रोबोट चालवणाऱ्या माणसासमोर काल्पनिक पट्ट्या आणि भिंती उभ्या केल्या. त्यांच्या आधाराने खुंटी भोकात बसवण्यासारखी कामं माणसाने जास्त चांगली केली. त्याच सुमारास बोइंगच्या टॉम कॉडेल आणि डेव्हिड मायझेल यांनी, विमानातल्या वायरी जोडणाऱ्या कामगाराला पुढची वायर कुठे जाते हे डोळ्यांसमोर दाखवायची कल्पना मांडली. त्याच बोइंगसाठी आज आपल्यापासून थोड्याच अंतरावर हत्तरगीच्या एकस कंपनीच्या औद्योगिक वसाहतीत सुटे भाग तयार होतात. तेव्हा हे आपल्यापासून फार दूरचं आहे, असं कुणी समजू नये.

आता प्रत्यक्ष उपयोगाकडे येऊ.

पहिला उपयोग रोबोट विकत घेण्याआधीचा. एबीबी कंपनीचं रोबोट-स्टुडिओ एआर व्ह्यूअर हे ॲप फुकट मिळतं. स्मार्टफोनवर ते रोबोट आपल्या शेडमध्ये खऱ्या आकारात उभा करून दाखवतं. ऑर्डर देण्याआधी मालकाने हे करावं आणि फोन त्या मशिनवरच्या ऑपरेटरच्या हातात द्यावा. हात खांबाला लागतो का? क्रेनच्या वाटेत येतो का? भट्टीकडून बाहेर पळायची वाट अडते का? मशिनचं दार उघडल्यावर माणसाला उभं राहायला जागा उरते का? ही उत्तरं विक्रेत्याच्या कॅटलॉगात नसतात. ती त्या जागेवर रोज उभ्या राहणाऱ्या माणसाकडे असतात. बोल्ट रोवल्यानंतर विचारण्यापेक्षा आधी विचारलेलं स्वस्त पडतं.

दुसरा उपयोग शिकण्याचा. नवशिक्याच्या हातात पेंडंट दिला की त्याचं लक्ष स्क्रीन आणि रोबोट यांच्यात तुटतं. कोणतं बटण दाबल्यावर हात कोणत्या दिशेला जाईल, हे डोक्यात बसायला वेळ लागतो. चष्म्यात किंवा टॅबवर त्या दिशा रोबोटच्याच अंगावर बाणांनी दिसल्या, आणि प्रोग्रॅम आधी आभासी हाताकडून चालवून बघता आला, तर चूक झाली तरी ती हवेत होते. ग्रिपर मोडत नाही, बोट चिरडत नाही.

तिसरा उपयोग दुरुस्तीच्या आणि सेटिंगच्या वेळचा, आणि माझ्या मते सगळ्यांत मोलाचा. अमेरिकेची कामगार सुरक्षा संस्था ओशा सांगते, की रोबोटचे बरेच अपघात नेहमीचं उत्पादन चालू असताना होत नाहीत. प्रोग्रॅम भरताना, चाचणी घेताना, सेटिंग आणि दुरुस्ती करताना होतात. म्हणजे माणूस जाळीच्या आत असतो तेव्हा. त्या वेळी रोबोट कशाची वाट बघत थांबला आहे, कोणता सिग्नल बाकी आहे, हवेचा दाब अजून शिल्लक आहे का, हे त्याच्या अंगावरच लिहिलेलं दिसलं, तर आत शिरणारा मेंटेनन्सवाला अंदाजावर काम करणार नाही.

चौथा उपयोग जमिनीवरच्या पट्ट्याचा. माणूस रोबोटजवळ येतो आहे हे कळल्यापासून हात पूर्ण थांबेपर्यंत थोडा वेळ जातो. सुरक्षेचं अंतर मोजताना माणूस सेकंदाला १.६ मीटर चालतो असं धरतात. रोबोटला थांबायला अर्धा सेकंद लागला, तर तेवढ्यात माणूस ८० सेंटिमीटर पुढे आलेला असतो. वेग वाढला, जॉब जड झाला, की हे अंतर वाढतं. रंगाने आखलेली पिवळी रेघ मात्र जागची हलत नाही. छताला लावलेल्या प्रोजेक्टरने हाच पट्टा जमिनीवर पाडला, तर तो रोबोटच्या कामाप्रमाणे लहान-मोठा होऊ शकतो, आणि कुणाला चष्माही घालावा लागत नाही. आपल्या शेडमध्ये घाम असतो, धूळ असते, हेल्मेट असतं. अशा ठिकाणी चष्म्यापेक्षा प्रोजेक्टर आणि टॅब यांचा विचार आधी करा.

इथे मालकांना एक सावधगिरीची सूचना. दिखाऊ वस्तूवर पैसे घालू नका. मायक्रोसॉफ्टचा होलोलेन्स हा या क्षेत्रातला सगळ्यांत नावाजलेला चष्मा. त्याची दुसरी आवृत्ती २०१९ मध्ये आली तेव्हा किंमत साडेतीन हजार डॉलर होती आणि वजन ५६६ ग्रॅम. २०२४ मध्ये कंपनीने त्याचं उत्पादन बंद केलं. त्याच्याच भरवशावर सगळी व्यवस्था उभी करणाऱ्यांना आता दुसरी वाट शोधावी लागते आहे. म्हणून एकाच कंपनीच्या उपकरणात अडकू नका. फोनवर आणि टॅबवर चालेल अशा सोयीपासून सुरुवात करा.

सुरक्षेबाबत तर अजिबात तडजोड नको. चष्म्यात दिसणारी रेघ ही माहिती आहे, ते संरक्षण नव्हे. चित्र जागेवर बसावं म्हणून रोबोटच्या बुडाशी लावलेली खूण दोन इंच सरकली की रेघही सरकते. वायफाय अडखळलं की चित्र मागे पडतं. म्हणून जाळी, दाराचा इंटरलॉक, लाइट कर्टन, लाल बटण आणि वीज तोडून कुलूप लावायची शिस्त, यांतलं काहीही चष्मा आला म्हणून काढायचं नाही. यंत्राच्या धोकादायक भागाला कुंपण घालणं हे १९४८ च्या फॅक्टरी कायद्यापासून मालकाचं कर्तव्य आहे. पेंडंट हातात घेऊन आत उभ्या असलेल्या माणसासाठी हाताचा वेग सेकंदाला २५० मिलिमीटरच्या आत ठेवायचा, हा आंतरराष्ट्रीय नियम आहे. तोही चष्म्यामुळे सैल होत नाही. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. काही स्वस्त हेडसेट पारदर्शक नसतात. ते बाहेरचं दृश्य कॅमेऱ्यातून घेऊन आतल्या पडद्यावर दाखवतात. बॅटरी संपली की घालणाऱ्याच्या डोळ्यांपुढे अंधार. असा हेडसेट वर्गात शिकवायला ठीक आहे, चालू रोबोटजवळ तो घालू देऊ नका.

कोबॉट, म्हणजे माणसाशेजारी जाळीविना काम करायला बनवलेला रोबोट, याबद्दलही एक गैरसमज आहे. चाकणच्या बजाज ऑटोने २०१० पासून असे कोबॉट घ्यायला सुरुवात केली, आणि आज लहान कारखान्यांपर्यंत त्यांची चर्चा पोहोचली आहे. कोबॉट धक्का लागला की थांबतो, हे खरं. पण त्याच्या हातात धारदार फिन असलेलं कास्टिंग किंवा फिरता ग्राइंडर असेल, तर नुसता हात मऊ असून काय उपयोग? २०१६ च्या आयएसओ टीएस १५०६६ या मार्गदर्शक दस्तऐवजात, शरीराच्या कोणत्या भागाला किती जोरापर्यंत धक्का चालेल, याच्या मर्यादा दिल्या आहेत. रोबोट, त्याच्या हातातलं अवजार आणि जॉब, तिन्ही मिळून तपासायचे असतात. विक्रेता हे तपासून लेखी देत नसेल, तर पैसे देऊ नका.

आपल्या भागासाठी मला सगळ्यांत जवळचा वाटणारा मुद्दा भाषेचा. आपल्या एकेका शेडमध्ये मराठी बोलणारा असतो, कन्नड बोलणारा असतो, बाहेरच्या राज्यातून आलेला हिंदी बोलणारा असतो. पेंडंटवरची सूचना मात्र बहुतेक वेळा इंग्रजीत येते. ज्याचा जीव त्या सूचनेवर आहे, त्यालाच ती वाचता येत नाही. मिश्र वास्तवात रेघ, बाण आणि रंग यांना कोणतीही भाषा लागत नाही. जिथे शब्द लागतील तिथे एकच सूचना मराठी, कन्नड आणि हिंदीत दाखवता येते. ज्याने टॅब उचलला त्याने आपली भाषा निवडायची. विकत घेताना ही अट लेखी घाला. सीमाभागात भाषेवरून आपण पुष्कळ भांडलो. कारखान्यात तरी प्रत्येकाला आपल्या भाषेत धोका कळावा, यावर आपलं एकमत व्हायला काही हरकत नाही.

आता कामगार बंधू-भगिनींशी दोन शब्द. नोकरी जाईल ही तुमची भीती खोटी आहे, असं मी म्हणणार नाही. काही कामं जातील. नव्या वस्तूची भीती आपल्याकडे नवी नाही. १८८८ साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी आपल्याच बेळगावात सायकलचं दुकान काढलं, आणि पुढे लोखंडी नांगर बनवला. लोखंडाने जमीन नासेल या भीतीने शेतकरी तो घ्यायला तयार नव्हते. ज्याचं पोट ज्यावर आहे, तो त्याबद्दल शंका काढणारच, आणि त्या शंकेचं उत्तर द्यायची जबाबदारी नवी वस्तू आणणाऱ्याची असते. म्हणून तुम्ही विचारा. रोबोट आल्यावर मी कोणतं काम करणार? मला शिकवणार का? शिकलो तर पगारात काय फरक पडेल? आणि स्वतः शिकायला पुढे या. कास्टिंगवर कुठे फिन जास्त येतो, कोणता जॉब कुठून धरला की घसरतो, हे तुमच्या हातांना माहीत आहे. ते रोबोटला शिकवणारा माणूस कारखान्याला हवाच असतो.

चष्म्याबद्दलही विचारा. त्याला कॅमेरा असतो, काहींमध्ये डोळ्यांची हालचाल टिपायची सोय असते. कामगार कुठे बघतो, किती वेळ थांबतो, हे सगळं त्यातून नोंदवता येतं. ही नोंद कोण ठेवणार, किती दिवस, कशासाठी? सुरक्षेसाठी घेतलेली नोंद पगार कापायला वापरली, तर कामगार चष्मा काढून ठेवेल आणि सुरक्षाही जाईल. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आपल्याकडे आहे. पण त्याच्या अंमलबजावणीची वाट न बघता, मालकाने पहिल्याच दिवशी या प्रश्नांची उत्तरं कागदावर लिहून सूचना फलकावर लावावीत.

आणि पालकांनो, शिक्षकांनो, शिकायची साधनं जवळ आहेत. कर्नाटक सरकारने टाटा टेक्नॉलॉजीजच्या साहाय्याने १५० सरकारी आयटीआय नव्या यंत्रांनी सज्ज केल्या, आणि औद्योगिक रोबोटिक्सचा अभ्यासक्रमही आता आयटीआयत आहे. बेळगावात सरकारी टूल रूम आहे, विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठ आहे, गोगटे इन्स्टिट्यूट आहे. मुंबईच्या आयआयटीचा ई-यंत्र उपक्रम कॉलेजांना रोबोटिक्सची प्रयोगशाळा उभारायला मदत करतो. पुण्याची सी-फोर-आय-फोर लॅब लघुउद्योगांना नव्या तंत्राबद्दल मार्गदर्शन करते. रोबोट चालवायचं आरओएस हे सॉफ्टवेअर मोफत मिळतं. शेवटच्या वर्षाच्या मुलांनी प्रोजेक्टसाठी दूरचे विषय शोधण्यापेक्षा होनग्याच्या एखाद्या फौंड्रीत जावं, तिथल्या माणसांशी बोलावं, आणि त्यांच्या रोबोटची पुढची वाट टॅबवर मराठीत आणि कन्नडमध्ये दाखवून द्यावी. त्यांचं शिक्षण होईल आणि कारखान्याचं कामही होईल.

मालकांनो, सुरुवात लहान करा. एक मशिन, एक रोबोट, एक टॅब घ्या. पहिल्या पाळीत त्याच मशिनच्या ऑपरेटरला बोलवा, आभासी हात चालवून दाखवा, आणि त्याला काय खटकतं ते लिहून घ्या. त्याने सांगितलेली दुरुस्ती झाल्याशिवाय खरा हात चालू करू नका.

कामगारांनो, रोबोटजवळ जायला सांगितलं तर एक प्रश्न विचारल्याशिवाय पाऊल टाकू नका: "हा आता काय करणार, ते मला दाखवा." हा प्रश्न विचारणं हा तुमचा हक्क आहे. त्याचं उत्तर मिळेपर्यंत जाळीच्या बाहेरच थांबा.